वाफेत हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे का होत नाहीत, आणि बाँड तुटताना एनर्जी लागते की मिळते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे मी काय समजलो ते कळेल. मुलगी अकरावी सायन्सला आहे. नोट्समध्ये लिहिलंय की पाणी उकळताना हायड्रोजन बाँड तुटतात, तर तिचं म्हणणं की बाँड तुटले म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे झाले पाहिजेत, मग वाफ म्हणजे त्या दोन गॅसचं मिश्रण का नाही? आणि दुसरं, बायोलॉजीच्या वर्गात सांगितलं की एटीपीचा (पेशींना एनर्जी पुरवणारा रेणू) बाँड तुटला की एनर्जी मिळते, केमिस्ट्रीत सांगतात बाँड तोडायला एनर्जी द्यावी लागते, तर खरं कुठलं. तुम्ही स्वतः कॉमर्सचे, म्हणून तिला काय सांगावं असं विचारलंय.

मी ज्युनियर कॉलेजला बरीच वर्षं केमिस्ट्री शिकवतोय. हे दोन्ही प्रश्न बाँडिंगच्या धड्याला दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि जे विचारत नाहीत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात हाच गोंधळ तसाच राहतो आणि मग बारावीत थर्मोडायनॅमिक्सला आल्यावर प्लस-मायनस चुकायला लागतात. त्यामुळे तिला पहिलं हे सांगा की प्रश्न अगदी मोक्याच्या जागचा आहे, उत्तर मिळेपर्यंत सोडू नको.

वरवर दोन वेगळे प्रश्न वाटतात पण मुळाशी अडचण एकच आहे. बाँड तुटला असं वाचलं की मुलं दोन गोष्टी विचारत नाहीत: कोणाकोणातला बाँड? आणि तो तोडायचा खर्च कुणी केला? या दोन गोष्टी प्रत्येक वेळी विचारायची सवय लागली की अर्धी केमिस्ट्री सरळ होते असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी कोणाकोणातला ते बघू. पाण्याच्या एका रेणूत एक ऑक्सिजन आणि त्याला चिकटलेले दोन हायड्रोजन. या दोघांना ऑक्सिजनशी धरून ठेवतो तो कोव्हॅलंट बाँड (सहसंयुज बंध), म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी दोघांत वाटून घेतलेली. हा रेणूच्या आतला बाँड. आता ऑक्सिजनची इलेक्ट्रॉन ओढायची ताकद हायड्रोजनपेक्षा बरीच जास्त, विद्युतऋणता ३.४४ विरुद्ध २.२०, त्यामुळे वाटून घेतलेली जोडी ऑक्सिजनकडे झुकते, ऑक्सिजन थोडा निगेटिव्ह होतो आणि हायड्रोजन थोडा पॉझिटिव्ह. रेणू सरळ रेषेत असता तर हे एकमेकांना काटून गेलं असतं (कार्बन डायऑक्साइडमध्ये तसंच होतं) पण पाण्याचा रेणू वाकलेला आहे, १०४.५ अंशांत, म्हणून एक बाजू कायम पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह. शिवाय हायड्रोजनकडे आतल्या कक्षेत झाकायला दुसरे इलेक्ट्रॉनच नाहीत, एकच होता तोही ऑक्सिजनकडे सरकलेला, म्हणजे त्याचं केंद्रक एका बाजूने जवळजवळ उघडं पडतं. असा उघडा हायड्रोजन शेजारच्या दुसऱ्या रेणूतल्या ऑक्सिजनच्या लोन पेअरकडे (कुणाशी वाटून न घेतलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोडीकडे) ओढला जातो. ही जी ओढ, दोन वेगळ्या रेणूंमधली, तो हायड्रोजन बाँड. पुस्तकात याला ठिपक्याठिपक्याची रेघ काढतात आणि आतल्याला सलग रेघ. मुलं आकृती उतरवताना दोन्ही सारख्याच काढतात आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

अंतरातही फरक आहे. आतला ऑक्सिजन-हायड्रोजन ०.९६ अँगस्ट्रॉम (अणूंची अंतरं मोजायचं एकक), बाहेरचा हायड्रोजन बाँड साधारण १.८ ते १.९, म्हणजे जवळपास दुप्पट लांब. ताकदीत तर जमीन-अस्मानाचा फरक: आतला सरासरी ४६३ किलोज्यूल प्रति मोल (मोल म्हणजे रेणू किंवा बाँड मोजायचं ठरावीक माप), बाहेरचा वीसेकच्या आसपास. इथे एक सांगून ठेवतो, हायड्रोजन बाँडचा आकडा वेगवेगळ्या पुस्तकांत वेगळा दिसेल, कुठे १० ते ४० अशी रेंज पण देतात, कारण ते कुठला पदार्थ आणि कसं मोजलं यावर ठरतं. पाण्यासाठी वीस-बावीस धरून चाला.

वर्गात मी फुगडीचं उदाहरण देतो. फुगडीत हात धरतात, सोडतात, दुसरीचा हात धरतात, पण हात सुटला म्हणून कुणाचा हात खांद्यापासून निखळत नाही. द्रव पाण्यात हेच चाललेलं असतं आणि भयंकर वेगाने, एक हायड्रोजन बाँड टिकतो तो सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या हिशोबात, लगेच सुटतो आणि दुसऱ्याशी जुळतो. उकळताना हात सुटतात आणि प्रत्येक रेणू एकेकटा उडून जातो. रेणू अख्खाच्या अख्खा. वाफ म्हणजे सुटे सुटे पाण्याचे रेणू, बाकी काही नाही.

आता हे मानायचं कशावरून? पाठ करून नाही, हिशोबाने. पाण्याचा एक मोल म्हणजे १८ ग्रॅम. १०० अंशांच्या १८ ग्रॅम पाण्याची १०० अंशांची वाफ करायला ४०.७ किलोज्यूल लागतात, हे मोजलेलं आहे. त्याच १८ ग्रॅममधले आतले दोन्ही बाँड तोडून अणू सुटे करायचे तर ४६३ दुणे ९२६ किलोज्यूल लागतील. म्हणजे उकळायला जेवढी एनर्जी जाते ती आतले बाँड तोडायला लागणाऱ्या एनर्जीच्या बावीस-तेविसाव्या भागाएवढीच आहे. एवढ्याशा पैशात ते काम होऊच शकत नाही. बरं उकळायचं पण सोडा, गॅलरीत वाळत घातलेला शर्ट ३० अंशांना वाळतो, तेही पाण्याचं वाफ होणंच आहे, तिथे कुठून येणार एवढी एनर्जी.

उष्णतेने पाणी खरंच फुटतं का, तर फुटतं, पण २२०० अंश सेल्सिअसला नेलं तरी शंभरातले तीनेकच रेणू फुटतात. चुलीवरच्या पातेल्याचं सोडूनच द्या.

बुडबुड्यांबद्दल इथेच सांगतो कारण पुढचा प्रश्न तोच येणार आहे. उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यात काय असतं असं विचारलं की वर्गातून हवा, ऑक्सिजन, हायड्रोजन अशी सगळी उत्तरं येतात. तापायला लागल्यावर सुरुवातीला भांड्याच्या कडेला जे बारीक बुडबुडे चिकटतात ती विरघळलेली हवा, गरम पाण्यात ती कमी मावते म्हणून बाहेर येते. नंतर खळखळून येणारे मोठे बुडबुडे म्हणजे निव्वळ वाफ. ते जर हायड्रोजन-ऑक्सिजन असते, तेही दोनास एक प्रमाणात, तर ते स्फोटाचंच मिश्रण झालं असतं आणि खाली शेगडी पेटलेली असते हे तिला लक्षात आणून द्या. त्या वाफेवर गार ताटली धरली की पाणीच परत मिळतं.

आता दुसरा भाग, माझ्या मते जास्त महत्त्वाचा. बाँड तोडायला एनर्जी द्यावी लागते. कायम. कुठलाही बाँड असो, कोव्हॅलंट, हायड्रोजन, मिठातला आयनिक, अपवाद नाही. दोघं एकमेकांना धरून आहेत याचा अर्थच हा की जवळ असताना त्यांची एनर्जी कमी आहे, दूर करायचं तर ती भरून द्यावी लागणार. आणि बाँड जुळताना तेवढीच एनर्जी बाहेर पडते. मग कुठल्याही रिॲक्शनमध्ये जुने बाँड तुटतात, नवे जुळतात, दिलं किती आणि मिळालं किती यातला फरक आपल्या हातात येतो.

पाइपच्या गॅसवर हे छान दिसतं, तो बहुतेक मिथेनच असतो. मिथेनच्या एका मोलमागे कार्बन-हायड्रोजनचे चार बाँड तुटतात, ४१३ चोक १६५२, दोन ऑक्सिजन रेणूंचे बाँड तुटतात ४९८ दुणे ९९६, मिळून खर्च २६४८. जुळतात कोण, कार्बन डायऑक्साइडचे दोन डबल बाँड ७९९ दुणे १५९८ आणि पाण्याच्या दोन रेणूंचे चार ४६३ चोक १८५२, मिळून जमा ३४५०. फरक ८०२ किलोज्यूल, आणि प्रत्यक्ष मोजलं तरी ८०२ च्या जवळच येतं. जमेत निम्म्याहून जास्त पाण्याच्या बाँडचं आहे बघा. गॅसमध्ये एनर्जी भरलेली असते आणि बाँड फोडला की ती सांडते हे चित्र मुलांच्या डोक्यातून काढायला मला फार कष्ट पडतात, पण हा हिशोब त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत केला की ते निघतं, मी फळ्यावर करून दाखवला तर निघत नाही. म्हणून तिला स्वतः करू द्या.

एटीपीचंही हेच. तिथे नुसता बाँड तुटत नाही, पाण्याचा रेणू येतो, फॉस्फेटचा जुना बाँड तुटतो आणि पाण्याबरोबर नवे बाँड जुळतात, शिवाय सुटे झालेले तुकडे जास्त स्थिर असतात आणि आजूबाजूचं पाणी त्यांना चांगलं धरून ठेवतं. हा सगळा हिशोब मिळून मोलमागे तीसेक किलोज्यूल हाताला लागतात. बायोलॉजीत हे सगळं एका वाक्यात आटपतात की बाँड तुटला आणि एनर्जी मिळाली. त्यांच्या कामापुरतं ते चालतं, त्यांना शेवटची बेरीज हवी असते, पण मधली वजाबाकी गाळल्यामुळे मुलांना दोन विषयांत दोन नियम आहेत असं वाटतं. नियम एकच आहे.

आता परत पाण्याकडे येऊ. पातेलं उकळायला लागल्यावर थर्मामीटर १०० वर थांबतो, खाली गॅस चालूच असतो. ती उष्णता जाते कुठे? अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅकने हे मोजलं आणि त्याला लेटंट हीट म्हटलं, पण जाते कुठे हे त्याच्या काळात सांगता येण्यासारखं नव्हतं कारण रेणूच माहीत नव्हते, हायड्रोजन बाँडची कल्पना तर थेट १९२० मध्ये लॅटिमर आणि रोडबुशच्या पेपरमधून नीट मांडली गेली. आज आपल्याला माहीत आहे की ती हात सोडवण्यात जाते. एक लिटर पाणी ३० वरून १०० ला न्यायला साधारण २९३ किलोज्यूल लागतात आणि तेच सगळं आटवायला २२६०, म्हणजे साडेसात पटीहून जास्त.

आणि ही उष्णता वाया जात नाही, वाफेबरोबर जाते आणि वाफेचं पाणी होताना परत मिळते. उकडीचे मोदक शिजतात ते यावरच. मोदकपात्रात पाणी खाली असतं, मोदक वर चाळणीवर, वाफ मोदकाच्या गार कडेला लागते, तिथे तिचं पाणी होतं, हायड्रोजन बाँड परत जुळतात आणि प्रत्येक ग्रॅममागे २२६० ज्यूल तिथल्या तिथे मोदकाला मिळतात. उकळत्या पाण्याचा एक ग्रॅम दहा अंशांनी निवला तर मिळतात फक्त ४२. वाफेने भाजलं तर पाण्यापेक्षा वाईट भाजतं त्याचं कारण पण हेच. बाँड जुळताना उष्णता बाहेर पडते याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

माठ याच्या बरोबर उलट. माठातून पाझरलेलं पाणी उडून जाताना एनर्जी घेतं ते माठातल्या पाण्याकडूनच. एका लिटरमागे दहा ग्रॅम जरी उडाले तरी कागदावर पाच-सहा अंशांचा फरक पडतो. प्रत्यक्षात किती पडेल ते हवेवर आहे, विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात माठ मस्त गार होतो आणि मुंबईत मे महिन्यात हवेतच पाणी इतकं असतं की होत नाही.

शंभर अंशांचं पण तसंच, तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ लाच उकळतं, घरच्या कुकरमध्ये १२० च्या आसपास. परीक्षेत १०० लिहावं, पण दाबावर अवलंबून आहे हे तिला माहीत असू द्या.

पाण्याचे बाकीचे गुणधर्म आता पटापट सुटतात. तुलनेला हायड्रोजन सल्फाइड घ्या, पूर्वी सॉल्ट अ‍ॅनालिसिसला किपच्या उपकरणातून सोडायचो तो, सडक्या अंड्याचा वास. आकार पाण्यासारखाच वाकलेला, रेणू वजनाला ३४ म्हणजे पाण्याच्या जवळपास दुप्पट, तरी उकळतो उणे ६० ला, कारण सल्फरची विद्युतऋणता २.५८, हायड्रोजनच्या इतक्या जवळ की हायड्रोजन उघडा पडतच नाही. ऑक्सिजनच्या कुटुंबातल्या सल्फर वगैरे मूलद्रव्यांच्या अशाच हायड्रोजन संयुगांच्या रांगेत बसवलं तर पाणी उणे ८० च्या आसपास उकळायला हवं होतं. नद्या, समुद्र, आपलं रक्त हे सगळं द्रव आहे ते या वीस किलोज्यूलच्या बाँडमुळे, हे मला इतकी वर्षं शिकवूनही दर वेळी विलक्षण वाटतं. तो पाच पट बळकट असता तर पाणी पाण्यासारखं वाहिलं नसतं, आणि नसताच तर सगळा गॅस.

बर्फात प्रत्येक रेणू चार जणांना धरतो, दोघांना आपल्या हायड्रोजनने आणि दोघांना लोन पेअरने, आणि ती मांडणी षटकोनी आणि पोकळ होते, मध्ये जागा राहते. म्हणून बर्फाची घनता ०.९१७ आणि तो तरंगतो, १०० मिली पाण्याचा बर्फ १०९ मिली होतो आणि फ्रीजरमध्ये काचेची भरलेली बाटली फुटते. वितळताना सगळे बाँड तुटतात असं मुलं लिहितात ते बरोबर नाही. बर्फाची थेट वाफ करायला मोलमागे ५१ किलोज्यूल लागतात आणि वितळायला फक्त ६, म्हणजे आठव्या हिश्श्याएवढंच काम वितळताना होतं, बाकीची ओढ द्रव पाण्यात शिल्लक असतेच. द्रवात प्रत्येक रेणूला नक्की किती बाँड असतात हे कुठपर्यंतच्या अंतराला बाँड म्हणायचं यावर आहे, साडेतीनच्या आसपास सांगतात. पोकळी थोडी ढासळते आणि रेणू जवळ येतात, म्हणून ४ अंशांपर्यंत पाणी तापताना उलट आकसतं. श्रीनगरचं दल सरोवर कडक थंडीत वरून गोठतं आणि खाली मासे जगतात ते यामुळे.

विरघळण्याचं थोडं सांगतो, कारण तिथे जमाखर्च पुन्हा दिसतो. मिठाच्या स्फटिकातले आयन (विद्युतभार असलेले कण) सुटे करायला मोलमागे ७८७ किलोज्यूल लागतात आणि पाण्याने त्यांना घेरल्यावर ७८३ परत मिळतात. जवळपास बरोबरी, म्हणून मीठ विरघळताना पाणी अगदी किंचित गार होतं, हाताला कळत नाही. युरियाची बादली मात्र चांगली गार पडते, हे फवारणी करणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तिथे खर्च जास्त जमा कमी. आणि कळीचा चुना पाण्यात टाकला की ते उकळायला लागतं कारण तिथे नवे बाँड जुळून मोलमागे ६५ किलोज्यूल जमा होतात. तिन्हींत काहीतरी तुटतं आणि काहीतरी जुळतं. गार की गरम ते शिलकीवर.

एक बारीक गोष्ट, मुलगी हुशार दिसते म्हणून. पाण्यात आतला बाँड कधीच तुटत नाही असंही नाही. एक रेणू आपला हायड्रोजन इलेक्ट्रॉन मागे ठेवून शेजाऱ्याला देऊन टाकतो असं होतं, त्यातूनच पीएच (आम्लता मोजायचा आकडा) येतो. पण २५ अंशांना साधारण ५५ कोटी रेणूंमागे एकच असा सापडेल, आणि त्यातून गॅस निघत नाही, आयन तयार होतात.

परीक्षेसाठी तिने एवढं लिहावं: उकळताना रेणूंमधले हायड्रोजन बंध तुटतात, रेणूंच्या आतले सहसंयुज बंध तुटत नाहीत, म्हणून वाफ हे पाण्याचंच वायुरूप. नीटची (मेडिकल प्रवेशाची) परीक्षा देणार असेल तर तुलना पक्क्या असल्या की भागतं, जेईईचा विचार असेल तर वरचे हिशोब आकड्यांसकट दोन-चार वेळा करून ठेवावेत.

आणि पाणी खरंच फोडून बघायचं असेल तर घरी करता येतं, विजेने. लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइलने १८०० साली केलं तेच. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली, वायर आणि ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा. दोन छोट्या परीक्षानळ्या पाण्याने भरून टोकांवर उलट्या धरल्या तर मायनसच्या बाजूला गॅस दुप्पट जमतो, तो हायड्रोजन. बरोबर दुप्पट येणार नाही, ऑक्सिजन थोडा कमीच भरतो, कारण तो पाण्यात जरा जास्त विरघळतो आणि थोडा पेन्सिलीतल्या कार्बनशी लागतो, त्यामुळे आकडा अडीचला गेला तरी प्रयोग फसला असं समजू नका. खिडकी उघडी ठेवा, भिंतीतल्या प्लगची वीज वापरायची नाही, आणि सोड्याऐवजी मीठ अजिबात टाकू नका, मिठाने क्लोरीन सुटतो.